अर्धं गाव पाटील, मग रोग कोणता?

अथणी तालुक्यातल्या मामांच्या बागेत मृग बहाराची डाळिंबं धरलेली. मामांनी एक पान तोडून उन्हासमोर धरलं. एरवी काळपट वाटणाऱ्या डागाभोवती तेल लागलेल्या कागदासारखी कड चमकली. "तेल्याच हा," मामा म्हणाले, आणि लगेच, "का करपा?"

शंका रास्त होती. सुरुवातीचे डाग फसवतात. तेल्या जिवाणूचा, करपा बुरशीचा, आणि बुरशीची बहुतेक औषधं जिवाणूला लागूच पडत नाहीत. फळावर डाग पडून 'एल' नाहीतर 'वाय'च्या आकाराची चीर गेली की कुणाला विचारायची गरज राहत नाही, पण तोवर उशीर झालेला असतो.

पहिली तपासणी अगदी साधी. डागाच्या कडेचा बारीक तुकडा काचपट्टीवर, पाण्याच्या थेंबात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघाला तर तो जिवाणूंचा. कोणत्या, हे मात्र तो लोट सांगत नाही.

ते डीएनए सांगतो. सगळ्या जिवाणूंत १६एस नावाचा जनुक असतो, साधारण १५०० अक्षरांचा (अक्षरं म्हणजे डीएनएच्या धाग्यावर ओळीने असलेले घटक). त्याची अक्षरं वाचली की जिवाणूचं घराणं कळतं. पण १६एस म्हणजे आडनाव! आमच्याकडे पारावर "ओ पाटील" म्हणून हाक मारा, निम्मी माणसं वळून बघतात. तेल्याचा जिवाणू आणि लिंबावरच्या खैऱ्याचा जिवाणू, दोघेही झँथोमोनासच. १६एसमध्ये जवळजवळ सारखे. म्हणून मग जायरेज-बी हा जनुक वाचतात. त्याची अक्षरं जरा लवकर बदलतात, त्यामुळे चुलत भावंडं वेगळी काढता येतात.

वाचायला पुरेसा डीएनए हवा, तो पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला काढायची पद्धत, करून देते. ९५ अंशांच्या आसपास तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, थंड करून हव्या त्या जनुकाच्या दोन टोकांना छोटे तुकडे चिकटवायचे, ७२ अंशांवर नक्कल काढायची. दर फेरीला दुप्पट. सगळं सुरळीत झालं तर तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात.

काही जंतू तर प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढतच नाहीत. चंदनाच्या स्पाइक रोगाची नोंद कोडगूत १८९९ साली झाली; त्याचा फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू, आज ओळखतात तो १६एसवरूनच. तिथे आडनावावरही भागतं.

एक खोट आहे. पीसीआरला मेलेल्या जिवाणूचा डीएनएही सापडतो. त्यामुळे फवारणीनंतर लगेच तपासणी करून औषध चाललं की नाही, हे ठरवायला जाऊ नये. खरा उपयोग लावणीआधी, गुटी कलमांवर. डाग नसलेल्या रोपातही जिवाणू दडलेला असू शकतो, आणि तेल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला बरेचदा असाच रोपांबरोबर टेम्पोत बसून जातो.

हे मामांना सांगितलं. ते थोडा वेळ पानाकडे बघत राहिले. "रोपं घेताना एकेक पान उलटून बघितलं होतं की रे," म्हणाले.