रॉकेटचं श्रेय : कलुगा, ऑबर्न आणि एक पत्र

१९२४ साली रशियातल्या कलुगा गावात साठी उलटलेल्या एका शाळामास्तरांनी स्वतःचाच २१ वर्षांपूर्वीचा लेख पुन्हा छापून घेतला. पुस्तिका रशियन, पण प्रस्तावना मुद्दाम जर्मनमध्ये. आदल्याच वर्षी हेर्मान ओबर्थ यांचं रॉकेटने ग्रहांपर्यंत जाण्याविषयीचं पुस्तक जर्मनीत निघालं होतं आणि त्याचा बराच गवगवा झाला होता. ‘हे आमच्याकडे आधीच मांडलेलं आहे’, हे जर्मन वाचकांना कळावं म्हणून हा खटाटोप. रॉकेटचा जनक कोण, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

ते मास्तर म्हणजे कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की. लहानपणी तापात ऐकू येणं जवळजवळ गेलं, शाळा सुटली, पुढचं शिक्षण पुस्तकांतून स्वतःचं स्वतः. १९०३ च्या लेखात त्यांनी दाखवून दिलं की रॉकेटचा अंतिम वेग दोनच गोष्टींवर ठरतो : मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग आणि भरलेल्या व रिकाम्या रॉकेटच्या वजनांचं गुणोत्तर. यातली मेख अशी की हे गुणोत्तर वाढवत नेलं तरी वेग त्या पटीत वाढत नाही. वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडत असेल आणि रॉकेटच्या वजनाचे दहातले नऊ भाग इंधनच असेल, तरी हाती लागतो सेकंदाला सुमारे ६.९ किलोमीटर वेग. पृथ्वीभोवती फिरत राहायला लागतात जवळजवळ ८. म्हणून बंदुकीच्या दारूऐवजी द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरा, असं त्यांनी त्याच लेखात सुचवलं. एकावर एक टप्पे रचलेल्या ‘रॉकेट-गाड्यां’चं गणित त्यांनी १९२९ मध्ये मांडलं.

याच्याही मागे जायचं तर जाता येतं. हे समीकरण इंग्लंडमध्ये विल्यम मूर यांनी १८१०च्या सुमारासच काढलं होतं, लष्करी रॉकेटांसाठी. ती रॉकेटं विल्यम काँग्रीव्ह यांनी विकसित केली होती, आणि त्यांना चालना मिळाली म्हैसूरच्या रॉकेटांमधून. हैदर आणि टिपूच्या कारागिरांनी दारू लोखंडी नळीत ठासली. कागदाची किंवा बांबूची नळी जो दाब सोसू शकत नाही तो लोखंड सोसतं, म्हणून पल्ला वाढला. आपल्याकडे पेशवाईतल्या फौजांमध्येही ‘बाण’ होते, ते म्हणजे रॉकेटंच. त्या अनाम लोहारांचं श्रेय कुठल्याच यादीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. पण दारूच्या बाणाने अवकाशात जाता येत नव्हतं, हेही खरं.

आता ऑबर्न, मॅसॅच्युसेट्स. तारीख १६ मार्च १९२६. रॉबर्ट गॉडार्ड हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नात्यातल्या एफी वॉर्ड यांच्या शेतात यंत्र उभं करतात. इंजिन वर, टाक्या खाली, मध्ये दोन बारीक नळ्या. दिसायला शिडीच्या सांगाड्यासारखं. इंधन पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन. मदतनीस लांब दांड्याला बांधलेल्या ज्योतीने ते पेटवतो. आवाज सुरू होतो, पण रॉकेट जागचं हलत नाही. इंधन जळून वजन घटलं तेव्हा कुठे ते उठतं. अडीच सेकंद, ४१ फूट उंची, आणि १८४ फुटांवर बर्फाने झाकलेल्या कोबीच्या वाफ्यात पतन. पत्नी एस्थर चित्रण करत होत्या, पण त्यांचा कॅमेरा एका चावीवर सातच सेकंद चालायचा. रॉकेट उठण्याआधीच तो थांबला. जगातलं द्रव इंधनाचं पहिलं उड्डाण चित्रफितीवर नाही.

ते त्या काळी वर्तमानपत्रांतही आलं नाही, कारण गॉडार्डनी ते जाहीरच केलं नाही. त्यांनी दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, ते छापून सांगितलं. १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांची टिंगल केली होती : निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला काही नसतं, एवढंही या प्राध्यापकाला ठाऊक नाही म्हणे. वास्तविक, निर्वात नळीत रॉकेट चालतं हे गॉडार्डनी १९१५ मध्येच प्रयोगाने पाहिलं होतं. (टाइम्सने चूक मान्य केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना.) तो घाव खोल गेला आणि माणूस स्वतःतच मिटून गेला.

१९२२ मध्ये ओबर्थनी गॉडार्डना पत्र लिहून त्यांचा शोधनिबंध मागवला आणि गॉडार्डनी तो पाठवला. पुढच्याच वर्षी ओबर्थचं पुस्तक आलं. त्यांचा प्रबंध हायडेलबर्ग विद्यापीठाने नाकारला होता, तोच वाढवून. त्यांनी गॉडार्डचा उल्लेख केला, आपलं काम स्वतंत्र आहे हेही लिहिलं. गॉडार्डना मात्र कायम संशय राहिला. माझ्या मते तो अन्यायाचा होता : ओबर्थचा भर द्रव इंधनावर आणि माणसाच्या प्रवासावर होता, तर गॉडार्डचा तो निबंध मुख्यतः दारूच्या रॉकेटांचा.

म्हणून पहिलं उड्डाण निःसंशय गॉडार्डचं. पण पुढचं जे काही झालं ते ओबर्थच्या पुस्तकामुळे, कारण ते सगळ्यांना वाचायला मिळालं. ते वाचून जर्मनीत तरुणांची संस्था उभी राहिली. १९३० मध्ये ओबर्थच्या इंजिनाच्या चाचणीला हाताखाली होता विद्यार्थी वेर्नर फॉन ब्राउन. १९४२ मध्ये त्याच्या चमूचं व्ही-२ हे जर्मन लष्करी रॉकेट सुमारे ८४ किलोमीटर उंच गेलं. गॉडार्डचं सर्वोत्तम रॉकेट तीन किलोमीटरच्या आतच राहिलं. पण फॉन ब्राउनचं नाव घेताना मिटेलबाउ-डोरा ही नाझींची छळछावणीही सांगितलीच पाहिजे. व्ही-२ तिथल्या कैद्यांकडून वेठबिगारीने बनवून घेतली गेली आणि त्या छावणीत सुमारे २० हजार माणसं मेली.

१९४५ च्या वसंतात जप्त केलेल्या व्ही-२ चे सुटे भाग गॉडार्डनी स्वतः तपासले. ही आपलीच नक्कल आहे अशी त्यांची खात्री झाली. तसा पुरावा मिळालेला नाही. ऑगस्टमध्ये ते वारले. एस्थरनी त्यांच्या टिपणांवरून आणखी १३१ पेटंटं मिळवली आणि एकूण आकडा २१४ वर गेला. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने ती वापरल्याबद्दल १० लाख डॉलर मोजले.