सातबाऱ्यावरचा गोलातला आकडा : ‘फेरफार’ची पार्श्वभूमी

सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात एक आकडा असतो. ते नाव कुठल्या नोंदीनं तिथं आलं, हे त्यावरून कळतं. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलाची नोंद, काढला की आधी कोणाचं नाव होतं ते मिळतं. मग त्या माणसाच्या काळातला जुना उतारा काढायचा, त्यावरचा गोलातला आकडा बघायचा आणि तोही फेरफार काढायचा. अशी पायरी पायरीनं माणसं शंभर वर्षं मागं जातात. भावकीचे बहुतेक वाद या वाटेवर कुठंतरी एकाच ओळीत अडकलेले सापडतात.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याची ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ मध्ये राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून फेरफार हा शब्द पुन्हा घरोघरी ऐकू येऊ लागला. या शब्दाचा गुंता जुना आहे. रोजच्या मराठीत ‘हिशेबात फेरफार केला’, ‘मीटरमध्ये फेरफार केला’ म्हटलं की लबाडीच डोळ्यांसमोर येते. महसुली कागदात मात्र तो सरळ, कायदेशीर शब्द आहे. गुजरातीत तर फेरफार म्हणजे साधा बदल. उत्तरेत याच कामाला दाखिल-खारिज म्हणतात, म्हणजे एक नाव आत आणि एक बाहेर. आपल्या शब्दात कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं ते दिसत नाही, काहीतरी फिरलं एवढंच कळतं. त्यामुळे बदलाचे सगळे प्रकार त्याच्या पोटात मावले. बाप वारला, फेरफार. जमीन विकली, वाटणी झाली, बहिणीनं हक्क सोडला, फेरफार. सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला आणि पुढे फिटून उतरला, तर दोन्ही वेळा फेरफार. अज्ञान मुलगा सज्ञान झाला आणि त्याच्या नावामागचं ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) काढलं, तोही फेरफारच. यातल्या काहींत जमीन एकाची दुसऱ्याची होते, काहींत कागदावरचं एक अक्षर तेवढं बदलतं, आणि नोंदवही दोन्हींना एकापुढे एक क्रमांक देत जाते.

मोजणी आणि आकारणीचा जुना इतिहास लांब आहे, पण या विषयापुरतं एवढं पुरे : १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात दोन तरुण इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी हाती घेतली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानं सर्व्हे नंबर आणि तीस वर्षांच्या आकारणीची पद्धत पक्की झाली. सरकारला हवा होता सारा भरणारा खातेदार. खातं बदलायचं तर जुन्यानं राजीनामा द्यायचा आणि नव्यानं कबुलायत लिहून द्यायची. पण जमिनीत प्रत्यक्ष कोणाचा किती हक्क आहे, कोण कूळ आहे, कोणाकडे गहाण आहे, याचं चित्र त्या खात्यात उमटत नव्हतं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते जमिनी हातातून निसटत चालल्या होत्या म्हणून. खातं एकाच्या नावानं आणि कसणारा दुसराच, ही अवस्था पुढेही बरीच वर्षं राहिली.

मुंबई प्रांतात १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा वेगळा कायदा आला, आणि १९१३ मध्ये तो १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातच सामावून घेतला गेला. आज आपण ज्याला फेरफार म्हणतो त्याचा सांगाडा इथला. गावातल्या जुन्या दप्तरात पहिले फेरफार दिसतात तेही साधारण या काळापासूनचे. त्यातले पुष्कळसे मोडीत आहेत, त्यामुळे ते वाचणारा माणूस आधी शोधावा लागतो. मराठवाड्यात निजामी राजवटीचे वेगळे कागद होते, तिथं वाद मागं गेला की १९५४-५५ चं खासरा पत्रक निघतं. विदर्भात त्याच सालचा अधिकार अभिलेख लागतो. गोव्यात तर उताऱ्याचं नावच एक-चौदा. राज्यभर एकच कायदा लागू झाला तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं. ती १९६६ ची आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली.

संहितेतली रीत अशी : हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वर्दी, म्हणजे खबर, द्यायची. तलाठ्यानं गाव नमुना सहामध्ये नोंद लिहायची, चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या वादग्रस्त नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो. हातानं लिहायच्या काळात तोवर सातबाऱ्यावर नवं नाव पेन्सिलनं लिहिलेलं असे, मंजुरी मिळाल्यावर त्यावर शाई चढे. अजून पुसता येण्याजोगा तो बदल कागदावर डोळ्यांना दिसत असे. संगणकानं ती खूण घालवली.

स्वातंत्र्यानंतर दोन वेळा फेरफारांचे लोंढे आले. एक कूळ कायद्याचा. १९४८ च्या कायद्यात पुढे सुधारणा झाल्या आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कुळं कायद्यानं मालक मानली गेली. ज्यांचं नाव हक्कनोंदीत होतं त्यांची वाट त्या मानानं सोपी, ज्यांचं नव्हतं त्यांना आपण कसत होतो हेच आधी सिद्ध करावं लागलं. दुसरा लोंढा १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याचा. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि गावंच्या गावं कागदावर नव्यानं मांडली गेली. जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ बसत नाही म्हणून अडलेल्या मोजण्या आजही कमी नाहीत.

आता मुख्य वादाकडे येऊ. फेरफारानं मालकी मिळते का?

संहितेचं कलम १५७ सांगतं की हक्कनोंदीतली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायद्यानं बदलेपर्यंत, खरी धरली जाईल. दुसऱ्या बाजूला वरच्या न्यायालयांनी अनेक दशकं, अनेक राज्यांतल्या खटल्यांत तेच सांगितलं आहे : फेरफाराच्या नोंदीनं मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. सारा कोणाकडून घ्यायचा यापुरतं तिचं काम. मालकी येते खरेदीखतानं, वारशानं, वाटणीनं, मृत्युपत्रानं, कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. नोंद त्याच्या मागून येते. कागदावर ही दोन विधानं एकमेकांना छेद देत नाहीत, कारण खरं ‘धरणं’ वेगळं आणि हक्क ‘देणं’ वेगळं. वकील हे एका वाक्यात सांगतात.

पण गावात बँक कर्ज सातबारा बघून देते. पीकविमा, अनुदान, भूसंपादनाची नोटीस, सगळं उताऱ्यावरच्या नावाला येतं. जमीन घेणारा आधी उतारा मागतो. त्यामुळे सारा वसुलीसाठी जन्मलेली नोंदवही माणसांच्या मनात मालकीचा कागद होऊन बसली, आणि मला वाटतं यात लोकांचा दोष नाही. सगळी व्यवस्था त्या एका उताऱ्यावर चालवायची आणि नड आली की ‘ती तर फक्त महसुली नोंद’ म्हणायचं, हे बरोबर नाही. या दोन अर्थांमधल्या फटीत जास्त करून बायका पडल्या आहेत.

माझ्या आजोळचा १९७० च्या दशकातला एक फेरफार मी काढून आणला. पान आडवं, चार रकाने. पहिल्यात क्रमांक. दुसऱ्यात निळ्या शाईत मजकूर : अमुक इसम मयत झाल्यानं वर्दीवरून त्यांचे वारस १ ते ५, याशिवाय अन्य वारस नाहीत. पैकी १ व २ यांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, ३ ते ५ यांची इतर हक्कात. तिसऱ्या रकान्यात गट नंबर. चौथ्यात तिरकी सही आणि तीन छोटी वाक्यं : नोटीस रुजू. हरकत नाही. नोंद मंजूर. १ आणि २ माझे मामा. ३ ते ५ मावश्या आणि माझी आई. १९५६ च्या वारसा कायद्यानं आजोबांच्या वाट्यात मुलींचा हिस्सा मुलांइतकाच होता, तरी आईचं नाव गेलं विहिरीतल्या पाण्याचा हक्क आणि सोसायटीचा बोजा लिहितात त्या रकान्यात. आईला अशी नोटीस आल्याचं आठवत नाही. ती तेव्हा सासरी होती, चाळीस मैलांवर. कायदा म्हणतो, या नोंदीनं तिचा हक्क संपला नाही. तो संपला नव्हता हे खरंच. पण पुढची तीस वर्षं त्या जमिनीबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

असे फेरफार गावोगाव आहेत. त्याच धर्तीची दुसरी नोंद म्हणजे ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ही तीन अक्षरं लागली की बाकीच्यांची नावं उताऱ्यावर येत नसत. एका पिढीनंतर ती अक्षरं कुठल्याशा नव्या उताऱ्यावर उतरवायची राहून जात आणि मॅनेजर एकट्याचा मालक होई. सांभाळणारा आणि मालक यांतला सगळा फरक त्या तीन अक्षरांत होता.

कायदा सरकत राहिला. १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक निघालं : नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायचं. त्यामागं शेतकरी चळवळीनं गावोगाव चालवलेली मोहीम होती. १९९४ मध्ये राज्यानं आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशानं मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क दिला. त्या तारखेला बाप हयात असायला हवा की नको, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल लागले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘नको’ असं ठरलं. आता वारस नोंदीत बहिणींची नावं कब्जेदार सदरीच येतात. मात्र लगोलग दुसरा फेरफार येतो, हक्कसोडीचा. राखी, माहेर, भावाशी संबंध, सगळं त्या एका नोंदणीकृत दस्तात तोललं जातं. दस्त कायदेशीर असतो. किती जणींनी तो मनापासून केला, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

‘दुरुस्ती’ या शब्दाचाही असाच घोळ झाला. कलम १५५ नोंदीतल्या लेखनचुका सुधारण्यासाठी आहे : नावात काना राहिला, क्षेत्रात आकडा चुकला, उतारा उतरवताना ओळ सुटली. हातानं लिहिलेले उतारे संगणकावर चढवताना अशा चुका ढिगानं झाल्या, तेव्हा या कलमाचा उपयोग झालाच. पण त्याच कलमाखाली दोन दोन पिढ्यांपूर्वीचे प्रमाणित फेरफार बदलून मागणारे अर्जही झाले. प्रमाणित नोंद मान्य नसेल तर अपिलाची वेगळी वाट आहे, तिला मुदत आहे, समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. चूक सुधारणं आणि हक्क फिरवणं या दोन गोष्टी एका अर्जात घातल्या की ज्याचं नाव जायचं त्याला कळतच नाही.

ई-फेरफार आल्यावर खरेदीखत नोंदवलं की माहिती आपोआप पुढे जाते, वर्दीची वाट बघावी लागत नाही. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. २०२० मध्ये नमुन्याचं रूप बदललं, मयतांची किंवा विकून गेलेल्यांची नावं आता आडवी रेघ मारून दिसतात. तलाठ्याचं पदनामही अलीकडे ग्राम महसूल अधिकारी झालं. चावडीवरची नोटीस आता संगणकावरही लागते, ‘आपली चावडी’वर. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफार समोर येतात : नोंदीचा क्रमांक, प्रकार, गट नंबर आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख. सासर कुठंही असलं तरी माहेरच्या गावाचं ते पान उघडतं. आईला मी ते फोनवर दाखवलं. तिनं गावाचं नाव वाचलं, यादी खालपर्यंत सरकवत नेली, आणि विचारलं, ‘हे रोज बघता येतं का?’