गावकी

कोकणात गावाचा सामाईक कारभार पाहणारी परंपरागत बैठक म्हणजे गावकी. ग्रामपंचायत हा कायद्याने आलेला कारभार. गावकीला तसा आधार नाही. नळपाणी, घरपट्टी, दाखले पंचायतीकडे; ग्रामदेवतेचे देऊळ, शिमगा, पालखी, पाखाडीची (दगडी पायवाटेची) डागडुजी आणि बांधावरचे तंटे गावकीकडे. सरपंच आणि गावकीचा प्रमुख एकच असला की कोणता निर्णय कुठल्या अधिकारात झाला, हे नंतर सांगणे अवघड जाते. गोव्यातली गावकारी याहून वेगळी आहे. तिथे जमीनच संस्थेच्या मालकीची असते आणि उत्पन्नातून हक्कदारांना ‘जोण’ म्हणजे वाटा मिळतो. 1526 च्या फोरालमध्ये (सनदेत) पोर्तुगिजांनी तिच्या चालीरीती लिहून घेतल्या.

गावकीत मोजले जाते ते माणूस नव्हे, घर. एका कुळातली घरे मिळून भावकी, भावक्यांची वाडी, वाड्यांचा गाव. वर्गणी बहुधा घरटी बसते, म्हणून घर कशाला म्हणायचे हा प्रश्न किरकोळ नाही. भाऊ वेगळे निघून दुसरी चूल पेटली की दुसरी वर्गणी लागू होते आणि त्यासोबत बैठकीत बोलण्याचा हक्कही येतो. मुंबईला राहणाऱ्याचे गावचे घर कुलूपबंद असले तरी नाव यादीत राहते. विधवेच्या घराकडून वर्गणी घेतली जाते, पण तिला बैठकीत बसवतातच असे नाही. बौद्धवाडीचा कारभार बहुतेक ठिकाणी वेगळाच चालतो. तेव्हा ‘सगळा गाव एक’ हे वाक्य ऐकले की आधी यादी मागवावी. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर जी टीका केली, तिचा रोख याच बंदिस्तपणावर होता.

ही उतरंड शिमग्यात उघड दिसते. पालखी देवळातून निघून सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या ओट्यावर) बसते, मग घरोघर जाते. कोणाच्या दारात आधी, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणे कोण घालणार, हे मानाप्रमाणे ठरलेले असते. तंटे बहुतेक इथेच पेटतात: एखाद्या मानकरी घराच्या दोन शाखा होतात आणि मान कोणत्या शाखेकडे राहावा याची कुठे नोंद नसते. काही ठिकाणी मान आलटून-पालटून दिला की भागते. काही ठिकाणी पालखी देवळातच अडते.

मानववंशशास्त्रात गावाला जवळच्या नात्यांचा ‘समुदाय’ आणि शहराला परक्या, व्यवहारी संबंधांचा ‘समाज’ मानण्याची रीत जुनी आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड टोनिस यांनी 1887 मध्ये ही जोडी मांडली. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी 1938 मध्ये शहरात जवळची नाती सैल होतात असे म्हटले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांना तेपोझ्त्लान या मेक्सिकोतल्या गावाहून मेक्सिको सिटीत आलेल्या कुटुंबांत तसे काही आढळले नाही. त्यांची घरची नाती टिकून होती. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भागाची, गिरणगावाची, साक्ष लुईस यांच्या बाजूची आहे. लालबाग-परळच्या चाळींत एका गावाचे पुरुष खोली किंवा ‘गाळा’ घेऊन राहत, पाळीनुसार झोपत आणि भाडे वाटून घेत. नव्या माणसाला गिरणीत चिकटवणे, आजाऱ्याला गावी धाडणे, मयताचा खर्च उचलणे ही कामे याच मंडळींची. यांतूनच गावोगावची ‘मुंबई मंडळे’ उभी राहिली. 1982 च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, तरी मंडळे राहिली. आज देवळाचा जीर्णोद्धार मुख्यतः त्यांच्या पैशावर होतो. शहराने गावकी मोडली नाही, तिला रोख रक्कम पुरवली. रोख आली तशी कुरबूरही आली: पैसा मुंबईकरांचा, राबणूक गाववाल्यांची, मग शब्द कोणाचा?

व्यवहारातली मोठी अडचण म्हणजे गावकीच्या नावाने मालमत्ता ठेवता येत नाही. पैसे दोघा-तिघांच्या खात्यात राहतात आणि त्यांतला एक वारला की वारस उभे राहतात. म्हणून 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवतात. पण विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे विसरले जाते. मग कागदावर मृत विश्वस्त राहतात आणि प्रत्यक्ष कारभार करणाऱ्यांच्या सहीला किंमत उरत नाही.

यादीत नाव असण्याचे बळ नाव कापण्याच्या धाकातून येते. वाळीत टाकलेल्या घराशी बोलणे बंद, पालखी दारात नाही, मयताला खांदा नाही. मुंबईतल्या नातलगांनाही मंडळातून तीच वागणूक मिळू शकते. 1949 चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द ठरवला. रायगड जिल्ह्यातल्या तक्रारी गाजल्यानंतर आलेला 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुरावा मिळवणे मात्र कठीण. ठराव लेखी होत नाही, आणि शेजारी ‘आमचं आम्हीच बोलत नाही’ एवढेच सांगतात. त्यामुळे वर्गणी नाकारल्याची तारीख, परत आलेली रक्कम, निमंत्रण यादीतून गळलेले नाव अशा बारीक कागदांवरच प्रकरण उभे राहते.