कॉफीचा मग : माती, झिलई आणि शिशाचा प्रश्न

सतराव्या शतकात कॉफी युरोपात रुळली, तेव्हा तिथली रोजची भांडी बहुतेक साध्या भाजक्या मातीची होती. भाजणी साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअस. अशी माती सच्छिद्र राहते आणि सगळी मदार झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर पडते. खालच्या उघड्या कडेतून ओल शिरली की माती किंचित फुगते, झिलई ताणली जाते आणि महिन्या-वर्षांनी तिला केसासारख्या चिरा पडतात. मायक्रोवेव्हमध्ये कॉफीपेक्षा मगाचा कान जास्त तापतो, तोही याच मुरलेल्या पाण्यामुळे.

१७१० साली जर्मनीतल्या मायसेनला पोर्सेलिनचा, म्हणजे पांढऱ्या, पाणी न मुरणाऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना सुरू झाला. शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बोन चायना स्थिरावला : जवळपास निम्मी हाडांची राख, उरलेल्यात केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार या खनिजाचा दगड. आजचा जाड मग बहुधा स्टोनवेअरचा असतो. तो १२०० ते १३०० अंशांवर भाजतात आणि त्याची माती स्वतःच जवळजवळ पाणीबंद होते.

खरा वाद झाला तो शिशावर, या विषारी धातूवर. शिसे घातलेली झिलई कमी उष्णतेत वितळते, भट्टीचे तापमान थोडे चुकले तरी सांभाळून घेते, बारीक छिद्रे आपोआप बुजवते आणि रंग झळाळून उठतात. कारागिरांनी ती शतकानुशतके सोडली नाही, यात नवल नाही. शिसे आधी सिलिकाबरोबर वितळवून त्याची काच, म्हणजे फ्रिट, करून वापरले तर ते कमी विरघळते. पण भाजणी कच्ची राहिली, किंवा हिरव्या रंगासाठी त्याच झिलईत तांबे घातले, तर आम्ल पेयात शिसे भराभर उतरते. कॉफी सौम्य आम्लच आहे.

तपासणीत भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि त्यात उतरलेले शिसे मोजतात. युरोपीय समुदायाने १९८४ साली पोकळ भांड्यांसाठी लिटरमागे ४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेने पुढे कप-मगांसाठी ०.५ ठरवली. चाचणी तीच, पण मर्यादेत आठपट फरक. मगातून माणूस रोज, तेही गरम पितो. ताटाला लागू पडणारी सवलत त्याला द्यायचे कारण नाही, त्यामुळे कडक आकडाच योग्य. आतली चाचणी पुरतही नाही. बाहेरची नक्षी झिलईवर छापून ७५० ते ८५० अंशांवर भाजलेली असेल, तर तिचा रंग उघडाच राहतो. म्हणून ओठ टेकतात तो वरचा २० मिलिमीटरचा पट्टा वेगळा तपासतात. बोरॉनयुक्त बिनशिशाच्या फ्रिट आज सहज मिळतात. त्यांना भट्टीचे तापमान काटेकोर लागते एवढेच.

बाकीचे पर्याय अलीकडचे. एनॅमलचा मग म्हणजे पोलादी पत्र्यावर सुमारे ८०० ते ८५० अंशांवर वितळवलेली काच. आपटला की टवका उडतो आणि तिथून गंज धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली बोरोसिलिकेट काच उष्णतेने साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरते, म्हणून उकळत्या पाण्याने तडकत नाही. दुहेरी भिंतीच्या निर्वात मगांना १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे स्टेनलेस स्टील लागते. फोटो छापलेल्या मगावर पॉलिस्टरचा लेप असतो. त्यावर १८० ते २०० अंशांवर शाई चढवतात. तारेच्या घासणीने तो लेप खरवडला की चित्रही जाते.

‘बांबूचे’ म्हणून विकले जाणारे बरेच मग प्रत्यक्षात मेलामाइन रेझिन या कडक प्लास्टिकमध्ये बांबूची भुकटी मिसळून केलेले असतात. ७० अंशांच्या वर त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड जास्त सुटते, आणि कॉफी ओतली जाते ती त्याहून गरम. प्लास्टिकमधल्या अशा भुकटीला युरोपीय संघात परवानगी नाही.