कंटकचर्मी संघ

सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांचा संघ. शास्त्रीय नाव एकायनोडर्माटा. तारामीन, भंगुरतारे, समुद्री अर्चिन, समुद्रकाकड्या आणि समुद्रकमळे हे त्याचे पाच विद्यमान वर्ग. जिवंत जाती सुमारे ७,०००. जीवाश्मांवरून ज्ञात असलेल्या जाती त्याहून बऱ्याच अधिक. खऱ्या गोड्या पाण्यात वा जमिनीवर एकही जाती नाही. १९८६ मध्ये न्यूझीलंडजवळ खोल समुद्रात बुडालेल्या लाकडावर आढळलेल्या झायलोप्लॅक्स या चकतीसारख्या प्राण्यासाठी सहावा वर्ग मांडला गेला होता. आता त्याची गणना तारामिनांतच होते.

त्वचेखाली कॅल्साइटच्या सच्छिद्र पट्टांचा सांगाडा असतो. समुद्रकाकडीत त्याचे बहुधा सूक्ष्म कणच उरतात. जलवाहिनी तंत्र हे संघाचे खास लक्षण. नलिकांतील द्रवाच्या दाबाने नालपाद (नळीसारखे मऊ पाय) लांबतात. चालणे, भक्ष्य धरणे आणि पुष्कळसे श्वसन त्यांच्यावरच चालते. मेंदू नसतो, मुखाभोवतीच्या मज्जावलयातून पाच दिशांना मज्जारज्जू जातात.

पंचअरीय सममितीच्या (केंद्राभोवती पाच सारख्या भागांच्या मांडणीच्या) उगमाविषयी मतभेद आहेत. या सममितीमुळे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी या प्राण्यांना जेलीफिशसोबत अरीय गटात ठेवले होते. परंतु डिंभ (अंड्यातून निघणारी बाल्यावस्था) द्विपार्श्व सममित, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असलेला, असतो आणि रूपांतरणात मुख्यतः त्याच्या डाव्या देहगुहेपासून जलवाहिनी तंत्र घडते. म्हणजे ही सममिती मागाहून आलेली असून या प्राण्यांचे खरे नाते पृष्ठवंशीयांच्या शाखेशी आहे. संघाचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीचे, कँब्रियन कालखंडातील असावेत. द्विपार्श्व टेनोइंब्रिकाटा, मग तीन खाचांचा सर्पिल हेलिकोप्लॅकस, शेवटी पाच भुजा, असा क्रम काही पुराजीववैज्ञानिक लावतात. मात्र टेनोइंब्रिकाटाचे जीवाश्म हेलिकोप्लॅकसपेक्षा अलीकडचे आहेत. हा क्रम कालमापनापेक्षा शरीररचनेवरच अधिक आधारलेला आहे, हे विसरता येत नाही. काही असममित कँब्रियन रूपे रज्जुमान प्राण्यांची (पृष्ठवंशीय ज्यात मोडतात त्या संघाची) पूर्वज होत, हे ब्रिटिश पुराजीववैज्ञानिक जेफरीज यांचे मत आता फारसे मान्य नाही.

प्रत्येक भुजा ही डोके ते शेपूट या अक्षाची प्रत असावी, असेही सुचवले गेले होते. २०२३ मध्ये एका तारामिनाच्या जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात इतर प्राण्यांच्या डोक्याशी निगडित जनुके बाह्यत्वचेत सर्वत्र कार्यरत दिसली, धडाची जवळजवळ नाहीत. पुरावा एकाच जातीचा असला, तरी प्रतींच्या कल्पनेपेक्षा ‘बहुतांशी डोकेच’ हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

सुकवून निर्यात होणाऱ्या समुद्रकाकड्यांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे.