ट्यूब गेली की इन्व्हर्टर? जुन्या लॅपटॉपच्या अंधाऱ्या स्क्रीनचं निदान

जुन्या लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली की सल्ला ठरलेला असतो: इन्व्हर्टर, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाच्या ट्यूबला वीज देणारी छोटी पट्टी, बदला. इन्व्हर्टर मागवला जातो, बसवला जातो, स्क्रीन दोन सेकंद उजळते आणि पुन्हा काळी होते. मग दुसरा इन्व्हर्टर येतो, तोही 'खराब' निघतो, आणि शेवटी 'मदरबोर्डच गेला असणार' म्हणून धडधाकट मशीन भंगारात जातं. बऱ्याचदा गेलेली असते ती मागची ट्यूब.

आधी सोपा भाग. पॅनेल गेलंय की फक्त उजेड गेलाय, हे टॉर्चने कळतं. अंधाऱ्या खोलीत मशीन चालू करा, टॉर्च काचेवर तिरका मारा. आयकॉन पुसट दिसले तर पॅनेल ठीक आहे, बॅकलाइट म्हणजे मागचा उजेड बंद आहे. काहीच दिसलं नाही तर बाहेरचा मॉनिटर लावून बघा. तो विषय वेगळा.

पुढचं सगळं ट्यूबवाल्या, म्हणजे सीसीएफएल (बारीक फ्लुओरोसेंट ट्यूब) बॅकलाइटच्या मशीनना लागू आहे: थिंकपॅड ६००, टी४२, टी६०, टायटॅनियम पॉवरबुक आणि त्या काळातली बाकी मंडळी. ॲपलने २००७ साली १५ इंची मॅकबुक प्रोला ट्यूबऐवजी एलईडी दिले. २००८ चा थिंकपॅड टी४०० दोन्ही प्रकारांत मिळायचा, त्यामुळे तिथे मॉडेलवर विसंबू नका, बिझेल (स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट) उघडून बघा. स्क्रीनच्या खाली लांबट, चिंचोळी पट्टी आणि तिच्या एका टोकाला दोन वायरींचा छोटा कनेक्टर दिसला तर ट्यूब आहे. तोशिबा टी३१०० सारख्या केशरी प्लाझ्मा स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, तिथे यातलं काही चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. इन्व्हर्टर काय करतो हे बहुतेकांना माहीत असतं: बॅटरीचा किंवा ॲडॅप्टरचा ९ ते २० व्होल्ट डीसी घेतो आणि ट्यूबसाठी उच्च दाबाचा एसी बनवतो. ट्यूब पेटवायला हजार व्होल्टच्या वर लागतात, पेटल्यावर साधारण ५०० ते ७०० वर भागतं. फ्रिक्वेन्सी ४० ते ६० किलोहर्ट्झच्या आसपास, करंट जेमतेम ५-६ मिलिअँपिअर. इथपर्यंत सगळे येतात. विसरलं जातं ते यापुढचं: इन्व्हर्टर ट्यूबवर नजर ठेवून असतो. ट्यूबमधून गेलेला करंट परतीच्या वायरीने त्याच्याकडे येतो आणि कंट्रोलर चिप तो मोजते. ठरलेल्या वेळात, साधारण एक-दोन सेकंदांत, पुरेसा करंट परत आला नाही तर ती आउटपुट बंद करते. ट्यूब नसताना किंवा तुटलेली असताना दाब चढत जाऊन ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडू नये म्हणून ही सोय असते. एकदा बंद झालं की पुन्हा सुरू करण्याचा सिग्नल येईपर्यंत बंदच.

म्हणून 'दोन सेकंद पेटते आणि विझते, झाकण मिटून उघडलं की पुन्हा दोन सेकंद' हे लक्षण दिसलं तर पहिला संशय ट्यूबवर आणि तिच्या वायरींवर घ्यायचा. इन्व्हर्टर दोन सेकंद उच्च दाब देतोय, करंट मोजतोय आणि वेळेवर थांबतोय. त्याचं काम तो चोख करतोय, आणि नेमक्या याच लक्षणावर लोक त्याला बदलतात. पट्टी काढायला दोन स्क्रू आणि दोन कनेक्टर पुरतात, ट्यूबसाठी पॅनेल उघडावं लागतं. सोपं ते आधी बदलायचं, ही सवयच या गोंधळाचं मूळ आहे.

इन्व्हर्टरचा खरा दोष वेगळा दिसतो. स्क्रीन एक क्षणही उजळत नाही. किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, जळका वास येतो, ट्रान्सफॉर्मरवर काळा डाग असतो. क्षणभरही उजेड येत नसेल तर आधी इनपुट मोजा: पुरवठ्याच्या पिनवर ९ ते २० व्होल्ट, चालू करण्याच्या म्हणजे एनेबल पिनवर ३.३ किंवा ५ व्होल्ट. दोन्ही असून अंधार असेल तर बहुधा इन्व्हर्टर दोषी. यातलं एक जरी नसेल तर इन्व्हर्टर बदलून काही होणार नाही. झाकणाचा स्विच, बिजागरीतून जाणारी केबल आणि मदरबोर्डवरचा फ्यूज तपासा. झाकणाचा कोन बदलला की उजेड येत-जात असेल तर बिजागरीपाशी चिरडलेली वायर शोधा.

इन्व्हर्टरवरचा छोटा फ्यूज उडाला असेल तर त्यावरून वायर टाकून काम भागवू नका. तो बहुधा मॉसफेट (इन्व्हर्टरवरचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाल्यामुळे उडालेला असतो, आणि पुढच्या खेपेला मदरबोर्डवरची तांब्याची रेघ जळते. पॉवर काढून ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या वेटोळ्याचा रोध थेट त्याच्या पिनांवर मोजा. काहीशे ओहम ते हजाराच्या आसपास आला तर वेटोळं तुटलेलं नाही. बाहेरच्या कनेक्टरवर मोजू नका, मध्ये कपॅसिटर असला की तिथे रोध दिसतच नाही.

मल्टिमीटरचेच आणखी दोन गैरसमज सारखे दिसतात. एक म्हणजे ट्यूबच्या दोन टोकांना मीटर लावून 'बीप येत नाही, ट्यूब गेली' म्हणणं. सीसीएफएलमध्ये फिलामेंट नसतं, आत फक्त वायू आणि थोडा पारा. कोरी करकरीत ट्यूबही बीप देत नाही. दुसरा, इन्व्हर्टरचं आउटपुट मीटरने मोजणं. साधा मीटर हजार व्होल्टला आणि ५० किलोहर्ट्झला बनलेला नाही. तो खोटा आकडा दाखवतो किंवा स्वतः जातो. हात लागला तर चामडी जळते, हे वेगळं.

खात्रीची चाचणी एकच: चालू असलेली दुसरी ट्यूब. फुटलेल्या पॅनेलमधून वायरींसकट काढून ठेवलेली ट्यूब इन्व्हर्टरला जोडा. लांबी तंतोतंत जुळायची गरज नाही, १२ इंची पॅनेलची ट्यूब १४ इंचीच्या इन्व्हर्टरवर तपासणीपुरती चालते. ती पंधरा-वीस मिनिटं स्थिर पेटून राहिली तर इन्व्हर्टर निर्दोष. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फुटक्या काचेचं पॅनेल मिळालं तर नव्या इन्व्हर्टरच्या आधी ते घ्या.

ट्यूबची चिन्हं नजरेनेही ओळखू येतात. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन गुलाबी-तांबूस आणि काही मिनिटांनी पांढरी, हे पारा संपत आल्याचं लक्षण. वर्षानुवर्षांच्या वापरात तो टोकांतल्या धातूशी आणि काचेच्या आतल्या लेपाशी जखडला जातो. ट्यूबची टोकं काळी पडलेली दिसतात. एका बाजूला उजेड, दुसरीकडे अंधार आणि मग बंद, असं दिसलं तर परतीची वायर तुटलेली असते. ट्यूब चांगली असूनही करंट तिच्याभोवतीच्या पत्र्याच्या रिफ्लेक्टरमधून निसटतो. टोकाचं सोल्डर तडकल्यावरही लपंडाव सुरू होतो. आणि म्हातारी ट्यूब जास्त दाब मागते, त्यामुळे इन्व्हर्टर तापत राहतो आणि कधीतरी तोही जातो. ट्यूब गुलाबी होत होती आणि आता इन्व्हर्टर खरोखरच जळाला, तर दोन्ही बदला. नुसता इन्व्हर्टर बदललात तर नवाही त्याच वाटेने जाईल.

ट्यूब बदलताना काचेची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजा, व्यासही मोजा. २ मिमी आणि २.४ मिमी दोन्ही दिसतात, आणि जाड ट्यूब रिफ्लेक्टरच्या खोबणीत बसत नाही. काही पॅनेलमध्ये रिफ्लेक्टर बाजूने सरकून बाहेर येतो, काहींत धातूची चौकट काढून पूर्ण पॅनेल उघडावं लागतं. तेव्हा काचेला चिकटलेल्या पातळ फ्लेक्सना (लवचीक केबलच्या पट्ट्यांना) ताण देऊ नका. तिथला एक सांधा सुटला की स्क्रीनवर कायमची उभी रेघ येते. डिफ्यूझरच्या, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पातळ शीटचा क्रम आणि बाजू फोटोत टिपून ठेवा. जागा धूळविरहित हवी, पंखा बंद.

जुन्या ट्यूबची रबरी टोपी न फाडता सरकवा. वायर आधी टोकाच्या तारेला गुंडाळा, मग ३५० अंशांवर दोन-तीन सेकंदांत सोल्डर करा. जास्त वेळ आच लागली किंवा तार वाकवली तर काच तारेपाशी तडकते आणि ट्यूब तिथेच संपते. आखूड वायर उच्च दाबाची, लांब वायर परतीची. आखूड बाजूचा सोल्डर टोपीत पूर्ण झाकला गेला पाहिजे, नाहीतर रिफ्लेक्टरच्या पत्र्यावर ठिणगी पडते आणि काही आठवड्यांत तेच दोन सेकंदांचं दुखणं परत येतं. पॅनेल मिटण्याआधी अर्धा तास चालवून बघा. ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडा, व्हॅक्यूम वापरू नका, तुकडे चिकटपट्टीने उचलून बंद पिशवीत ई-कचऱ्यात द्या.

एलईडी पट्टीचं किट हा तिसरा मार्ग हल्ली सर्रास सुचवला जातो. ट्यूब मिळतच नसेल आणि मशीन रोज वापरायचं असेल तर ठीक आहे. पण टी६० च्या १५ इंची आयपीएस पॅनेलमध्ये स्वस्त निळसर एलईडी घालून त्याला रिस्टोरेशन म्हणणं मला मान्य नाही. त्या पॅनेलचे कलर फिल्टर ट्यूबच्या प्रकाशासाठी बनलेत. रंग बदलतात, कडेला उजेडाचे ठिपके दिसतात. बसवायचंच असेल तर इन्व्हर्टर पूर्ण काढा, एलईडीच्या ड्रायव्हर सर्किटला पुरवठा आणि एनेबल त्याच कनेक्टरवरून द्या, आणि ब्राइटनेसची वायर जोडायला विसरू नका. ती सोडली तर एलईडी कायम पूर्ण जोरात पेटत राहतात.