‘क्षार’ शब्दाची पार्श्वभूमी: समतोल, सामू आणि मराठवाड्याची काळी जमीन
रासायनिक समतोलाच्या, म्हणजे सुलट आणि उलट अभिक्रिया सारख्याच वेगाने चालण्याच्या, कल्पनेचे एक मूळ इजिप्तमधील खाऱ्या तलावांच्या काठी सापडते. १७९८-९९ च्या मोहिमेत तेथे गेलेल्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला चुनखडीच्या काठांवर सोड्याचे थर साचलेले दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून चुनखडी आणि मीठ तयार होते. तेथे मिठाच्या विपुलतेमुळे तीच अभिक्रिया उलटी फिरली होती. या विचाराला १८६४ मध्ये नॉर्वेत गणिती नियमाचे रूप मिळाले. अभिक्रियेच्या दराचे समीकरण त्याआधीच, १८५० मध्ये, साखरेच्या द्रावणावरून मांडले गेले होते. १९०९ मध्ये सामू (पीएच), म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, आला आणि १९२३ मध्ये प्रोटॉन देणारे ते आम्ल, घेणारी ती आम्लारी, ही व्याख्या.

मराठी वाचकाची अडचण वेगळी आहे आणि ती ‘क्षार’ या शब्दापाशी सुरू होते. आयुर्वेदात वनस्पतींच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ म्हणजे क्षार. घरातला पापडखार त्याच कुळातला. हिंदीने हा अर्थ राखला आणि सॉल्टला लवण म्हटले. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र सॉल्ट म्हणजे क्षार, अल्कली म्हणजे अल्क आणि बेस म्हणजे आम्लारी, अर्थात आम्लाचा अरि (शत्रू), अशी वाटणी झाली. शेतीविषयक लेखनात विम्ल हा आणखी एक शब्द चालतो. आम्लारी हा शब्द सुरेख आहे. परंतु क्षाराचा जुना अर्थ बोलण्यातून गेला नसताना तोच शब्द सॉल्टला देणे ही माझ्या मते चूक होती.

ही चूक आज शेतात दिसते. २०१५ पासून मिळू लागलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू आणि विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) हे दोन आकडेही असतात. समजा, सामू ८.२ आणि वाहकता ०.४ डेसिसायमन प्रति मीटर आहे. काळ्या जमिनीतील चुनखडी हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधते तेव्हा सामू याच्या आसपास स्थिरावतो. विद्राव्य क्षार तेथे नगण्य असतात. तरीही ‘जमिनीत क्षार वाढले’ असा निष्कर्ष निघतो. अशा जमिनीत खरी काळजी युरियाची घ्यावी लागते, कारण मातीत त्याचे विघटन होऊन अमोनियम तयार होते. सामू ७ असताना अमोनियम नायट्रोजनाचा शंभरातला एक भागही अमोनिया वायूच्या रूपात नसतो, ८.२ ला तो सुमारे आठ भाग असतो, आणि उन्हाच्या तापाने युरियाचे विघटनही वेगाने होते. म्हणून तो मातीआड करावा लागतो.

क्षारपड आणि चोपण हे शेतकऱ्यांचे शब्द या बाबतीत अधिक काटेकोर आहेत. क्षारपड जमिनीवर पांढरा थर येतो, तिच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असते आणि चर खोदून, चांगल्या पाण्याने ती धुता येते. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर जातो, पाणी वर गढूळ साचून राहते आणि वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही, कारण चिकणमातीच्या कणांना सोडियम धरून असतो. क्षारांबरोबर सोडियमही साचलेली जमीन क्षारपड समजून नुसत्या पाण्याने धुतली, तर क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो आणि ती चोपण होते. तेथे आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालावे लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. मात्र सुटलेले सोडियम सल्फेट चरातून शेताबाहेर गेले नाही, तर ही अदलाबदल समतोलाला पोहोचून अर्ध्यावरच थांबते.